वॉशिंग्टन भाऊजी आणि बाकाची लॉबी

अमेरिकेचं राज्य कोण चालवतं हे मला पक्कं ठाऊक आहे. मी सातवी शिकलेला, उभा जन्म हडपसरच्या गॅरेजात गेला, अमेरिका नकाशातसुद्धा धड पाहिलेली नाही. पण ते राज्य चालवणाऱ्यांना ज्यांनी स्वतःच्या हाताने भजी वाढली, ते गृहस्थ इथे जपानात, एदोगावाला, माझ्या मुलाच्या घरासमोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचे, आणि ऐकणारा माणूस एकदा तावडीत सापडला की त्याला सोडायचे नाहीत. नात्याने म्हणाल तर ते आमच्या सुनेच्या मैत्रिणीचे सासरे. एवढ्या लांबच्या नात्याला मराठीत नाव नाही. म्हणून माझ्या बायकोने आपल्या मनाने एक ठेवलं: वॉशिंग्टन भाऊजी. तेच सगळ्या मराठी घरांतून चालू झालं. त्यांना स्वतःला ते इतकं आवडलं की नव्या माणसाला ओळख करून देताना ते स्वतःच "मी वॉशिंग्टन भाऊजी" म्हणून हात पुढे करायचे, आणि समोरचा जपानी असला तर हात पुढे करता करता कमरेतून वाकायचेही. दोन्ही एकदम केल्यामुळे त्यांचं डोकं लोकांच्या छातीवर आपटायचं.

मूळचे ते चिंचवडचे. मेव्हण्याने वॉशिंग्टनात हॉटेल काढलं तेव्हा हे मदतीला म्हणून गेले ते पुष्कळ वर्षं गल्ल्यावर बसले. हॉटेल अमेरिकेच्या संसदेपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दुपारच्या वेळी तिथे निम्मी टेबलं अशा लोकांची असायची ज्यांचा धंदाच मुळी आमदार-खासदारांना गाठून आपल्या मालकाचं काम सांगायचं. त्या धंद्याला लॉबी म्हणतात हे मला भाऊजींकडून कळलं. मेव्हणा म्हातारा झाला, हॉटेल विकलं, आणि हे धाकट्या मुलाकडे जपानात आले. बायको मुलाच्या घरात रमली. हे रमले नाहीत, कारण इथे त्यांना कोणी लॉबीबद्दल विचारत नव्हतं.

विचारलं नाही म्हणून ते थांबणाऱ्यातले नव्हते. दुधाच्या खोक्याचा आकार, शाळेच्या डब्यातला मासा, स्टेशनजवळच्या दुकानात मिळणारी एकाच कंपनीची छत्री, काहीही दिसलं की ते डोळे बारीक करून विचारायचे, "यात भलं कोणाचं?" एकदा कचऱ्यावरून झालं. इथे कचरा वेगवेगळा करून ठरल्या दिवशी ठेवावा लागतो, चुकला तर पिशवीवर चिठ्ठी चिकटवून जागच्या जागी ठेवतात. भाऊजी कावळे येऊ नयेत म्हणून कचऱ्यावर टाकतात त्या जाळीपुढे उभे राहून म्हणाले, "प्लास्टिकला बुधवारच का? बुधवार कोणी मागून घेतला असेल? याच्यामागे कोणीतरी आहे."

माझी बायको हातातली पिशवी जाळीखाली सरकवत म्हणाली, "भाऊजी, बुधवारी ट्रक येतो म्हणून."

"वहिनी, हेच. ट्रक कोणाचा?"

शर्टाच्या खिशात ते लाकडी काड्यांची डबी ठेवायचे. दात कोरायच्या काड्या, पण दात कोरायला नाही. तिथला म्हणे नियम असा आहे, की लॉबीवाल्याने खासदाराला खुर्चीवर बसवून ताटात वाढलं तर ते जेवण झालं, आणि जेवण चालत नाही. पण उभ्याउभ्या काडीला टोचून एखादा घास तोंडात टाकला तर ते जेवण नव्हे, ते नुसतं स्वागत. म्हणून मोठमोठ्या दालनांत मोठमोठी माणसं ताटकळत उभी राहून काडीने खातात आणि देशाचे कायदे ठरतात. हे खरं की खोटं मला माहीत नाही. भाऊजींचा मात्र त्याच्यावर एवढा विश्वास, की ते आमच्या घरीही बसून काही खायचे नाहीत. बायकोने पुरणपोळी केली की दारातच उभे राहायचे. आधी हवेची चौकशी, मग माझ्या गुडघ्याची, मग नातवाच्या शाळेची, मग अमेरिकेतल्या साखरवाल्यांची लॉबी किती जबर आहे ते, मग साखरेवरून गूळ, गुळावरून पुरण. तिने एकदा तोंडावर सांगितलं, "भाऊजी, पोळी हवी तर पोळी म्हणा. अमेरिकेला कशाला मधे घेता?" ते लाजले. पण पोळीचे तुकडे करून काडीनेच खाल्ले, उभ्याने.

ही साखरवाल्यांची गोष्ट त्यांनी मला खालच्या बाकापाशी उभं राहून किती वेळा सांगितली असेल. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक कापराचं झाड आहे, त्याखाली हे लाकडी बाक होतं. माझी बायको रोज दुपारी तिथे डाव्या बाजूला बसून भाजी निवडायची. मी उजवीकडे. भाऊजी समोर उभे, हात हलवत. "फोरमन," ते मला फोरमन म्हणायचे. मी कधी फोरमन नव्हतो, पण त्यांचं म्हणणं, लॉबीत हुद्दा एक पायरी वर लावायचा. "फोरमन, साखर पिकवणारे मूठभर. भाव चढा राहिला तर त्यांचं घर भरतं. आणि खाणारे कोट्यवधी, त्यांना प्रत्येकाला चिमूटभर महाग पडते. आता चिमटीसाठी कोणी कामधंदा सोडून वॉशिंग्टनला जाईल का? नाही जाणार. घर भरणारा मात्र रोज जातो. खासदाराला रोज कोण दिसतं? तो. म्हणून पुष्कळांना थोडं हवं असतं ते हरतात आणि थोड्यांना पुष्कळ हवं असतं ते जिंकतात."

मी म्हटलं, "म्हणजे सरळ लाचच की."

ते भडकले. "लाच लपवून देतात! लॉबीवाल्याला नाव नोंदवावं लागतं. गाऱ्हाणं घेऊन जायचा हक्क आहे तिथे, घटनेत लिहिलेला."

"नाव नोंदवलं म्हणजे चोरी होत नाही का?"

"फोरमन, तुम्ही हॉटेलात असतात तर गिऱ्हाईक पळवलं असतं."

बायको मेथी निवडता निवडता हसायची. तिला त्या सगळ्यात फक्त माणसांची गोष्ट आवडायची. खासदाराच्या हाताखाली कागद सांभाळणारा लुकडा पोरगा चार वर्षांनी चांगला सूट घालून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कसा बसलेला असतो, सकाळी एकमेकांवर ओरडलेले दोघे संध्याकाळी एकाच ताटलीतली भजी कशी खातात, हे ती पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. आणि एक गोष्ट होती ती भाऊजींनी एकदाच सांगितली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांनी ज्यांची मुलं मारली अशा काही आया एकदा हॉटेलात आल्या. कायदा कडक करा म्हणायला संसदेत आल्या होत्या. त्यांच्याकडे काड्या नव्हत्या, सूट नव्हते. पिशवीत मुलांचे फोटो होते. "त्यांना बोलायचं काही तंत्र नव्हतं. नुसतं मुलाचं नाव सांगायच्या. शेजारच्या टेबलावरचे मुरलेले लॉबीवाले, त्यांच्या हातातला घास हातात राहिला. मी स्वतः उठून चहा घेऊन गेलो," असं म्हणून ते गप्प झाले. भाऊजी गप्प झाले म्हणून लक्षात राहिलं.

गेल्या हिवाळ्यात माझी बायको गेली. साधा ताप म्हणून नेलं, न्यूमोनिया निघाला, परत आली नाही. त्यावर मला जास्त लिहायचं नाही. मुलगा आणि सून कामावर जातात, नातू शाळेत. घरात बसलं की ती नाही हे दिसत राहतं. म्हणून मी दुपारी खाली जाऊन बाकावर बसायचो, उजव्या बाजूला. भाऊजी यायचे, समोर उभे राहायचे, आणि लॉबीबद्दल बोलायचे. एक शब्द तिच्याबद्दल नाही. त्याचं मला बरं वाटायचं.

वसंतात सुनेने एक दिवस खालच्या फळ्यावरची सूचना वाचून सांगितली. कापराखालचं बाक काढणार. तिथे सायकली लावायला जागा करायची, तसा ठराव रहिवाशांच्या कमिटीपुढे येणार. सांगताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कारण सायकलची जागा मागणाऱ्यांत तीही होती. इथल्या बायका सायकलला पुढे-मागे पोरं बांधून पावसापाण्यात शाळेत नेतात, आणि सायकल लावायला जागा नाही म्हणून रोज ओढाताण. तिचं काही चुकत नव्हतं.

मी म्हटलं, "काढू दे. लाकूडच आहे."

भाऊजींना हे कळलं आणि त्यांना वॉशिंग्टन सोडल्यापासून पहिल्यांदा काम मिळालं. त्याच दिवशी आमच्या दारात उभे. "फोरमन, बाक हलता कामा नये."

"मला काही नको, भाऊजी."

"तुम्हाला नकोय हे मला सांगितलंत, ठीक. दुसऱ्या कोणाला सांगू नका. आपला गट फुटतो." मग आतल्या खोलीकडे मान करून हळूच, "सायली दुसऱ्या पार्टीची आहे ना? हरकत नाही. पण तिच्यासमोर धोरणाचं बोलायचं नाही."

"काका, ऐकू येतंय मला," सून आतून म्हणाली.

"ऐक ना, बाळ. तिथेही सगळं सगळ्यांना ऐकू येतं."

त्यांचं धोरण असं, की आधी साहेबाला भेटायचंच नाही. साहेबाच्या हाताखालच्याला गाठायचं. म्हणून सोसायटीच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाला ते रोज सकाळी जाऊन नमस्कार करायला लागले. त्याला यांची भाषा येत नव्हती, यांना त्याची जेमतेम चार शब्द. आठवड्यात त्या माणसाने आतून पडदा लावून घेतला. मग भाऊजींनी स्वागत काढलं. झाडाखाली टेबल मांडलं, आपल्या सुनेकडून ढीगभर कोथिंबीर वड्या करून घेतल्या, प्रत्येक वडीला काडी टोचली, आणि कमिटीच्या सगळ्यांना बोलावलं. खुर्ची एकही ठेवली नाही. मी थकून बाकावर बसायला लागलो तर दंडाला धरून उठवलं. "फोरमन, बसलात तर नियम मोडेल!" ज्या बाकासाठी एवढं चाललं होतं त्याच्यावर त्या दिवशी बसायची मला बंदी. कमिटीवाले आले. अध्यक्षा मोरी-सान म्हणून एक ताठ म्हातारी होती, तीही आली. सगळ्यांनी वड्या खाल्ल्या, छान छान म्हणाले, वाकले आणि गेले. भाऊजी हात चोळत म्हणाले, "झालं. आता हे मिंधे झाले."

पण इथे एक रीत आहे जी भाऊजींच्या वॉशिंग्टनात नसावी. इथे कोणी काही दिलं की घेणारा त्याची परतफेड केल्याशिवाय झोपत नाही. दुसऱ्याच दिवसापासून त्यांच्या दाराची घंटा वाजायला लागली. कोणी केकचा डबा, कोणी तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, कोणी कागदात गुंडाळलेले टॉवेल. प्रत्येक वडी फिटली. भाऊजी डब्यांच्या ढिगाकडे बघत बसले. (बसले. मी स्वतः पाहिलं.) "फोरमन, हे काय झालं? लॉबी चालते मिंधेपणावर. देणाऱ्याने विसरल्यासारखं करायचं, घेणाऱ्याच्या मनात राहायला पाहिजे. इथे मनात काही ठेवतच नाहीत हो ही माणसं!" मग त्यांनी ईर्ष्येने चिवडा वाटला. त्याच्या बदल्यात पुन्हा टॉवेल आले. लाडू वाटले, द्राक्षं आली. शेवटी त्यांच्या सुनेने सांगितलं, "बाबा, आता तुम्ही कोणाला पाण्याचा पेला जरी दिलात ना, तरी मी माहेरी जाईन."

तेव्हा त्यांनी दुसरा डाव काढला. एकट्याचं काम होत नसेल तर चार जणांची कामं एकत्र बांधायची, मग प्रत्येक जण आपल्या कामासाठी तुमचंही ओढतो, असे मोठमोठे कायदे तिकडे होतात म्हणे. कुत्रेवाल्या बाईला त्यांनी बाकाशेजारी पाण्याचा नळ कबूल केला. कुंड्या लावणाऱ्या गृहस्थांना फुलांचा वाफा. सिगरेट ओढणाऱ्या दोघांना आडोसा. कोणत्या अधिकाराने, ते विचारायचं नाही. सगळं जोडून कमिटीपुढे मांडायचं ठरलं तोवर त्या झाडाखाली नळ, वाफा, आडोसा, दिवा आणि पक्ष्यांचं घरटं आलं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, बाक कुठाय यात?" त्यांनी बोटाने हवेत पुष्कळ शोधलं.

मीटिंगला सून दुभाषी म्हणून आली. दुसऱ्या पार्टीची असूनही आली, कारण दुसरं कोणी नव्हतं. खालचा हॉल, घडीच्या खुर्च्या, सगळ्यांच्या पायात सारख्या सपाता. भाऊजी सूट घालून उभे राहिले आणि बोलायला लागले: ज्येष्ठांचं आरोग्य, सावलीचं महत्त्व, अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या संघटनेला पुढारी कसे टरकतात. सून भाषांतर करत होती, पण तीन वाक्यांचं एक होत होतं. कुत्रेवाली बाई नळाच्या उल्लेखाला तेवढी मान हलवायची. सगळं संपल्यावर मोरी-सान शांतपणे काहीतरी म्हणाल्या.

सून म्हणाली, "त्या विचारतायत, हे सगळं ठीक आहे, पण त्या बाकावर बसतं कोण?"

भाऊजींनी घसा साफ केला. "परिसरातील ज्येष्ठ नागरिकांचा एक मोठा गट..."

मी उठलो. का उठलो ते सांगता येणार नाही. मोठा गट म्हटलेलं मला खोटं वाटलं.

"मी बसतो," मी म्हटलं. "माझी बायको बसायची, डाव्या बाजूला. मेथी निवडायची. ती गेली. घरात बसलं की ती नाही हे कळतं. तिथे बसलं की वाटतं, चहा टाकायला वर गेलीय, येईल. बाक काढलंत तर मरणार नाही मी, दुसरीकडे बसेन. सायकली पण पाहिजेतच, माझा नातू असतो सायकलवर. विचारलंत म्हणून सांगितलं."

सून बाटलीतलं पाणी प्यायली. मग बोलली ते मी बोललो त्याच्या मानाने फारच थोडं होतं. काय बोलली ते मी आजवर विचारलेलं नाही. भाऊजींनी मागे हात बांधले होते, ते सोडून पुढे घेतले. मोरी-सान उभ्या राहिल्या, मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, विचार करू.

"झालं बाबा," सून बाहेर आल्यावर म्हणाली, "इथे विचार करू म्हणजे नाही." आणि तिने डोळे पुसले. म्हणजे ती आम्ही हरावं म्हणून आली होती की जिंकावं म्हणून, ते मला कळेना.

घरी येताना भाऊजी लॉबी हा शब्द बोलले नाहीत. जिन्यापाशी थांबून त्यांनी खिशातली काड्यांची डबी काढली, उलटसुलट पाहिली. "त्या आया आल्या होत्या ना हॉटेलात," ते म्हणाले, "तसं केलंत तुम्ही आज. मी इतकी वर्षं चुकीच्या टेबलाकडे बघत बसलो." मग डबी सुनेच्या पुढे धरून विचारलं, "सायली, काड्या कुठल्या दिवशी टाकायच्या?"

"जळणाऱ्या कचऱ्यात, काका. पण राहू द्या, आपल्याकडे गणपतीत लागतील."

पावसाळ्याच्या तोंडाला कामगार आले. बाक उचललं आणि तिथे सायकलींचा स्टँड झाला. पण बाक नेलं नाही. थोडं कापून आखूड केलं आणि झाडाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं. मधोमध एक लोखंडी दांडा बसवला, हात टेकायचा, कोणी आडवं होऊन झोपू नये म्हणून. नळ नाही, वाफा नाही, घरटं नाही. भाऊजींनी बाकाला प्रदक्षिणा घातली, दांडा हलवून पाहिला आणि जाहीर केलं, "दुरुस्तीसह मंजूर. फोरमन, मागितलं तसं कधीच मिळत नसतं. तिकडेही नाही." आणि पहिल्यांदाच ते बाकावर बसले. दांड्याच्या पलीकडे नाही. माझ्याच बाजूला, मला सरकायला लावून. दोन म्हातारे एका माणसाच्या जागेत. डावी बाजू मोकळी ठेवली, आणि त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. सगळ्या अमेरिकेबद्दल बोलणारा माणूस.

नंतर त्यांच्या मुलाचं काम बदललं आणि ते कावासाकीला गेले. गाडी बदलत बदलत जावं लागतं, दोघांच्याही गुडघ्यांना ते झेपत नाही. तिथे त्यांनी स्टेशनवर सरकता जिना मागायचं काम हातात घेतलंय असं ऐकतो. दुपारी फोन करतात. आधी हवेची चौकशी, मग गुडघ्याची, मग नातवाची. तो जवळ असला तर जपानीत उत्तर देतो, ते मराठीत खूश होतात. मग मुद्द्यावर येतात.

"बाक आहे ना?"

"आहे."

"कोण बसलंय?"

"मी."

"मग कोरम झाला," म्हणतात, आणि ठेवतात.

मी मग थोडा वेळ बसतो. पलीकडे सायकली लागलेल्या असतात, त्यात सुनेचीही असते. तो मधला दांडा सुरुवातीला मला आवडला नव्हता, ती आणि मी यांच्यामध्ये कशाला म्हणून. आता त्याची सवय झाली. दांडा असला की पलीकडची जागा रिकामी वाटत नाही. कोणासाठी तरी राखून ठेवल्यासारखी वाटते.